हरिदासभाऊजींनी जोडलेलं मशीन

सिंदी (रेल्वे)
२८ मार्च २००३

आदरणीय हरिदासभाऊजींस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे दोनदा फोन केला. पहिल्यांदा तुम्हीच उचललात. ‘कोण बोलते, कोण बोलते’ असं तीनदा म्हणून ठेवून दिलात. दुसऱ्यांदा पंचफुलाताई होत्या. त्या म्हणाल्या, ‘ते वावरात गेले, ताई. फोनवर काही होणार नाई, तुमी लिहूनच पाठवा.’ का होणार नाही, ते विचारण्याआधीच त्यांनीही ठेवला. म्हणून लिहिते आहे.

गेलं दीड वर्ष आपलं येणं-जाणं नाही, त्यामुळे तुम्हाला कळलं नसेल. यांना दिवाळीत लकव्याचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. पाय आता काठीवर थोडा चालतो. हात नाही. ऐकू सगळं येतं, समजतं सगळं, पण जीभ वळत नाही. जो आवाज निघतो त्याचा अर्थ मी अंदाजाने लावते आणि दहात आठ वेळा चुकते. डाव्या हाताने पाटीवर लिहून पाहिलं, ते त्यांचं त्यांनाच वाचता येईना.

संक्रांतीला आमची रक्षा सासरहून आली होती. तिने त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. तोच, जो तुम्ही नव्व्याण्णव साली आमच्या पुढच्या खोलीत चटईवर बसून जोडलात. कळांवर मराठी अक्षरांचे स्टिकर लावले. आठवडाभर डाव्या हाताचं एक बोट नुसतं फिरत राहिलं. मग एका सकाळी पडद्यावर आलं, ‘डाळीत मीठ नाही’. मी रडले आणि मीठ आणायला गेले.

तेव्हापासून ते मशीन म्हणजे यांचं तोंड. आणि फेब्रुवारीच्या शेवटापासून ते मध्येच बंद पडतं. आधी तासाने पडायचं, आता वीस मिनिटांत. पडद्यावरचं सगळं जातं. लगेच सुरू केलं तर पुन्हा पडतं, अर्धा तास थांबावं लागतं. त्या अर्ध्या तासात हे डाव्या हाताने टेबलावर थापा मारत बसतात आणि मी खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत. कशालाच हात लागत नाही.

वर्ध्याचा एक दुकानदार येऊन गेला. आधी म्हणाला व्होल्टेज, मग म्हणाला बोर्ड गेला, नागपूरला पाठवू, पंधरा दिवस लागतील. पंधरा दिवस हे मुके राहणार का? मी विचारात असतानाच यांनी टाइप केलं, ‘हरिदासशिवाय कोणी हात लावायचा नाही’. आणि मशीन बंद पडलं.

तुम्ही याल का? नाहीतर निदान कळवा, मी काय करू.

तुमची,
रीतावहिनी


नाचणगाव
१ एप्रिल २००३

रीतावहिनींस सप्रेम जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. प्रभाकरचं आम्हाला कोणीही सांगितलं नाही. पंचफुला डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, इतकं झालं अन् आपल्याले पत्ता नाई. कॉलेजात एका खोलीत तीन वर्षं काढली आम्ही. तो झोपेतसुद्धा बोलायचा. त्याचं तोंड बंद झालं, हे मला डोळ्यांसमोर आणता येत नाही.

मी लगेच यायला हवं, पण पंचफुलाचा गुडघा धरला आहे, तिला एकटी टाकून निघता येत नाही. तेव्हा सध्या पत्रानेच करू. इथे जवळच पुलगावच्या डेपोत एकतीस वर्षं मी मीटर आणि गेज दुरुस्त केले. कोणतीच वस्तू एकदम बिघडत नाही. आधी सांगते. फक्त कोणीतरी लिहून ठेवायला पाहिजे.

तुम्ही लिहिता त्यावरून बोर्ड गेला नाही. बोर्ड गेला असता तर घड्याळ लावल्यासारखा वीस मिनिटांनी पडला नसता. आतमध्ये प्रोसेसर नावाची एक चिप असते. सगळं काम तीच करते आणि त्यात तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा असतो, पात्यापात्यांचा, आणि त्यावर छोटा पंखा. चिपची उष्णता ठोकळ्यात चढते, पंखा ती उडवतो. उडाली नाही तर मशीन जळू नये म्हणून स्वतःच बंद होतं. तुमच्याकडे हेच होऊन राहिलं आहे.

आता एवढं करा. मशीनवर कपडा असेल तर काढा. भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. मग चालू करताक्षणी डिलीट हे बटण दाबत राहा. निळा पडदा येईल, सगळं इंग्रजीत. त्यात टेम्परेचरचं पान शोधा. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. पंख्याचा वेगही तिथेच दिसेल.

आणि एक. मशीनला कान लावा आणि आवाज कसा येतो ते लिहा. एकसारखा की हेलकावे खाणारा, जाड की बारीक, कशासारखा. असं लिहा की मला इथे बसून कळेल.

पंख्याचा दोष नसावा. पंखा चांगला होता.

हरिदास


सिंदी (रेल्वे)
६ एप्रिल २००३

हरिदासभाऊजी,

कपडा होता. आहेच. कॉन्व्हेंटमध्ये आम्हाला सिस्टर ॲग्नेस शिवण शिकवायच्या. त्यांचं म्हणणं, घरातल्या प्रत्येक वस्तूला तिचा फ्रॉक असलाच पाहिजे. शाळेच्या पियानोला मखमलीचा, टाइपरायटरला रेक्झिनचा, पाण्याच्या जगलाही मणी लावलेला जाळीचा. तीस-पस्तीस वर्षं मी तेच करत आले. रेडिओला केला, मिक्सरला केला, टीव्हीला केला. तुमच्या मशीनला क्रॉसस्टिचचा केला होता, निळ्या कापडावर दोन मोर. पुढून चालू करायला पट्टी उचलायची सोय ठेवली होती. चालू असतानाही तो अंगावरच असायचा. तो काढला. मशीन एकदम उघडंवाघडं दिसतं, पण काढला.

आकडे असे. चालू केल्याबरोबर ४८. पाच मिनिटांनी ५५, दहाला ६१, पंधराला ६६. सतराव्या मिनिटाला ७१ दिसलं आणि बंद. शाळेत गिरवलेलं इंग्रजी पन्नाशीनंतर असं कामाला येईल असं वाटलं नव्हतं. पंख्यापुढचा आकडा दोन हजार शंभर, मध्येच सतराशे, परत दोन हजार.

आवाज. दोरा न ओवता शिलाई मशीन चालवल्यासारखा, रिकामा. आणि मध्येच कोणीतरी आवंढा गिळल्यासारखा अडतो. बारीकच आहे. याहून नीट मला सांगता येत नाही.

आता दुसरी गोष्ट. मी खोलीत असले की हे टाइप करतात, ‘चहा’, ‘पाठ खाजवते’, ‘रक्षाचा फोन?’. मी स्वयंपाकघरात गेले की वेगळंच काही चालतं. माझी चाहूल लागली की पुसून टाकतात. मंगळवारी मी अनवाणी आले, त्यांना कळलं नाही. पडद्यावर एवढंच होतं: ‘हरिदास, त्या दिवशी मी’.

त्यांनी मला पाहिलं आणि पुसलं. एक अक्षर शोधायला यांना कधी मिनिट लागतं. त्या पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मशीन पडतं. मग अर्ध्या तासाने पुन्हा पहिल्या अक्षरापासून. मी सांगितलं, थोडं लिहून सेव्ह करत चला. असं पाहिलं माझ्याकडे! सेव्ह केलं तर मी वाचेन ना.

भाऊजी, ते वाक्य तुमच्यासाठी आहे. मला ते वाचायचं नाही. मला फक्त ते पुरं झालेलं हवं. डॉक्टर म्हणाले, असा झटका पुन्हा येऊ शकतो. ते वाक्य यांच्या पोटात राहून जाऊ नये, एवढंच मला वाटतं. गुडघा दुखतो हे खरं असेल, पण पुलगावहून पॅसेंजरने दोन तास लागत नाहीत.

रीता


नाचणगाव
१० एप्रिल २००३

रीतावहिनींस जय भीम.

आकडे छान लिहिलेत. डेपोतले लोकसुद्धा असे लिहीत नसत. रोग तोच आहे. आता मशीन उघडायचं.

घाबरू नका. आधी प्लग काढा. समोरून पाहिलं की डाव्या हाताची बाजू, तिला मागून दोन स्क्रू. ते काढून पत्रा मागे सरकवा. आत हात घालण्याआधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावा, म्हणजे अंगातली वीज निघून जाईल. मऊ ब्रशने जी धूळ दिसेल ती झाडा. फुंकर मारू नका, थुंकी उडते. मग पत्रा उघडाच ठेवून चालू करा आणि पंखा फिरतो का ते डोळ्यांनी पाहा. परत दर पाच मिनिटांनी आकडे.

आवाजाचं अजून नीट पाहिजे. आवंढा मिनिटाला किती वेळा येतो? तेव्हा पंखा हळू होतो की नुसता आवाज बदलतो? घड्याळ समोर ठेवून मोजा.

पंचफुलाने तुम्हा दोघांना विचारलं आहे.

हरिदास


सिंदी (रेल्वे)
१६ एप्रिल २००३

हरिदासभाऊजी,

आज सात मिनिटं.

तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. पत्रा उघडला. दोन्ही स्क्रू बांगड्यांच्या डबीत ठेवले आहेत. माझ्या शिलाई मशीनच्या मऊ ब्रशने सगळीकडून झाडलं. पंखा फिरतो, मी डोळ्यांनी पाहिला. आवंढा मिनिटाला नऊ वेळा. तेव्हा पंखा हळू होतो. पत्रा उघडा, कपडा काढलेला, भिंत लांब. हवेसाठी म्हणून आठ दिवसांपासून मी टेबल उचलून कूलरच्या तोंडाशीच आणून ठेवलं आहे, मागच्या खिडकीपाशी. या वर्षी खस नवीन लावली, गारच गार हवा येते. यांनाही बरं वाटतं. तरी सतराचे अकरा झाले, अकराचे सात. बाहेर त्रेचाळीस आहे. मे महिन्यात काय होणार?

सात मिनिटांत यांचं ‘हरिदास, त्या दिवशी’ एवढंच होतं. आज तीन वेळा ते तिथवर आले. तिसऱ्यांदा बंद पडल्यावर यांनी कळफलक ढकलून दिला. तो वायरला लोंबकळत राहिला, मी उचलला. त्यानंतर दुपारभर यांनी काहीच मागितलं नाही, पाणीसुद्धा नाही.

मी तुम्हाला त्या वाक्याबद्दल लिहिलं होतं. तुम्ही त्यावर एक अक्षर लिहिलं नाहीत. पंख्याचा आवाज मात्र मोजायला सांगितलात. भाऊजी, मी मूर्ख नाही. तुमच्या मनात राग आहे हे मला कळतं. म्हणून मीच लिहिते.

दीड वर्षापूर्वी दिवाळीत रक्षाचे सासू-सासरे पहिल्यांदा घरी आले होते. तुम्हीही होतात. हे त्यांना लग्नाचे फोटो दाखवत होते आणि मशीन अडकलं. नव्या व्याह्यांसमोर यांची फजिती झाली. त्या भरात हे तुमच्या कामाबद्दल जे बोलले ते मी दारातून ऐकलं. सगळे हसले. तुम्ही उठलात, चप्पल घातलीत आणि चहाही न घेता गेलात. त्यानंतर आला नाहीत. यांनी दोनदा पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. ‘येईल तो, राग शांत झाला की येईल,’ म्हणत राहिले. मग झटका आला.

ते काय बोलले ते मी लिहिणार नाही. ते शब्द त्यांचे आहेत आणि परत घ्यायचे तर त्यांनीच घ्यावेत. तेच ते गेले महिनाभर एका बोटाने करू पाहताहेत. तुमच्या मनात काही असेल ते असू द्या, पण एकदा येऊन हे मशीन तासभर चालवून द्या.

रीता


नाचणगाव
१९ एप्रिल २००३

वहिनी,

हे पत्र हाती पडताच कूलर बंद करा. पुढचं मग वाचा.

तुमचं घर कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात आहे हे मी विसरलो, ही माझी चूक. त्या मागच्या खिडकीबाहेर दिवाळीपासून रुई उडते. कूलर ती ओढतो, ओली करतो आणि मशीनच्या तोंडावर मारतो. माणसाला गार वाटतं. पण पंख्याखालच्या पात्यांमध्ये ओली रुई बसते, वाळते, पुन्हा बसते. वरून झाडून ती निघणार नाही. तुम्ही पंखा फिरताना पाहिला. तो फिरतो आहे, पण त्याची हवा आत जाऊनच नाही राहिली.

पंख्याच्या चार कोपऱ्यांना चार बारीक स्क्रू आहेत. तेवढेच काढा आणि पंखा अलगद वर उचला. खालचा ठोकळा हलवू नका, तो चिपला चिकटलेला आहे. पात्यांमधलं सगळं स्वेटर विणायच्या सुईने काढा.

आता दुसरं.

त्या दिवशी प्रभाकर काय बोलला ते मला माहीत नाही. मी ऐकलं नाही. मला ऐकू येत नाही, वहिनी. तेव्हाच निम्मं गेलं होतं, आता दोन्ही कान गेले. हळूहळू गेले, त्यामुळे मलाच उशिरा कळलं. त्या दिवशी तुमच्या व्याह्यांनी मला काहीतरी विचारलं. मी ओठ पाहून अंदाजाने उत्तर दिलं. तितक्यात सगळे माझ्याकडे पाहून हसले. मला वाटलं, मी भलतंच काही बोललो. दुकानात, बसमध्ये तसं पुष्कळदा व्हायला लागलं होतं. प्रभाकरच्या घरी झालं, ते सोसलं नाही. म्हणून उठलो.

तेव्हापासून जिथे माणसं बोलतात तिथे मी जात नाही. पंचफुलाला सांगून ठेवलं की कोणाला कळू द्यायचं नाही. तिचा गुडघा ठणठणीत आहे. ते खोटं लिहिलं. आवाज तुम्हाला मोजायला सांगितला, कारण मी तिथे आलो असतो तरी मला तो ऐकू आला नसता.

हे प्रभाकरला सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

हरिदास


सिंदी (रेल्वे)
२५ एप्रिल २००३

हरिदासभाऊजी,

तुमचं पत्र मी स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं. मग कूलर बंद केला. फोनवर ‘कोण बोलते, कोण बोलते’ म्हणालात ते आठवत राहिलं. मी केवढी रागावले होते.

मशीनचं आधी सांगते. चार स्क्रू काढले. पंखा उचलला, तर खाली पातीच दिसेनात. राखाडी गादी होती, दाबून बसवल्यासारखी. सुई घातली तर ती अख्खी एका तुकड्यात वर आली, जाजमाच्या तुकड्यासारखी, अंगठ्याएवढी जाड. यांना नेऊन दाखवली. यांनी ती डाव्या हातात घेतली, वास घेतला, आणि बोटांनी तंतू ओढून त्याची लांबी पाहिली. जन्मभर रुईची प्रत पाहिलेला माणूस! मग बसून टाइप केलं, ‘ही आपलीच’.

पुन्हा बसवून चालू केलं. ४६ वरून सुरू, वीस मिनिटांनी ५८. सकाळच्या वेळी चाळीस मिनिटं चालतं. दुपारी बारा वाजले की आकडा सत्तरीकडे जातो, कारण पंखा आता बाराशेच्या वर जात नाही आणि आवंढे आवंढेच ऐकू येतात. पण सकाळी चाळीस मिनिटं आहेत.

आणि भाऊजी, हे ती चाळीस मिनिटं वापरत नाहीत.

मी मुद्दाम भाजी घेऊन मागच्या पडवीत बसते. खिडकीतून पाठ दिसते. बोट कळांवर ठेवून बसलेले असतात. चाळीस मिनिटं. शेवटी ‘चहा’ लिहितात. मशीन बंद पडायचं तेव्हा रोज दहादा सुरुवात करायचे. आता बंद पडत नाही तर सुरुवातच होत नाही. मला काय करावं समजत नाही. घरभर फिरते, धुतलेली भांडी परत धुते.

तुमच्या कानांचं मी यांना सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर यांचं ओझं उतरलं असतं, हे कळतं मला. पण तेही तुमचं आहे, तुमच्या तोंडून जावं. यांना ऐकू येतं आणि तुम्हाला वाचता येतं. मध्ये मशीन आहे. मला तर यात अडचण कुठे दिसत नाही. घरात तिसरं कोणी नसेल. मी आणि पंचफुलाताई आत बसू.

या.

रीता


नाचणगाव
२९ एप्रिल २००३

वहिनी,
रविवारी सकाळच्या पॅसेंजरने येतो. पंखा आणि चिपवर लावायची पेस्ट आणतो. पंचफुला येते म्हणते. स्टेशनवर कोणी घ्यायला येऊ नये, गर्दीत मला हाका मारल्या तर कळत नाही. आमचं आम्ही येऊ.
हरिदास


नाचणगाव
६ मे २००३

रीतावहिनींस सप्रेम जय भीम.

परवा निघताना नाही नाही म्हणता तुम्ही स्टेशनपर्यंत आलात आणि सबंध रस्ताभर काही विचारलं नाहीत. पण गाडी येईपर्यंत माझ्याकडे पाहत होतात. मी तिथे सांगितलं नाही, कारण आपला आवाज किती मोठा निघतो हे आम्हा बहिऱ्यांना कळत नाही. सगळ्या फलाटाने ऐकलं असतं. म्हणून लिहितो.

पंखा बदलताना, जुनी पेस्ट खरवडताना तुम्ही होतातच. चौदा मिनिटांत ४९ वर येऊन आकडा थांबला आणि तुम्ही दोघी आत गेलात. बाहेर तेव्हा सेहेचाळीस असेल. आम्ही खुर्च्या जवळ घेऊन बसलो.

आधी मी माझं सांगितलं. कानांचं, आणि त्या दिवशी उठून का गेलो ते. तो स्क्रीनकडे वळला आणि त्याने टाइप केलं, ‘तुले काहीच नाई आयकू आलं?’ मी म्हटलं, नाही. त्याने बोट उचललं. आता त्याला सुटता आलं असतं. मी काही ऐकलंच नव्हतं, त्याने सांगितलं नसतं तर कधी कळलंही नसतं.

मी घड्याळ पाहिलं नाही. मग त्याने पहिल्यापासून सुरू केलं. हरिदास, त्या दिवशी मी. पुढचं एकेक अक्षर येत होतं आणि मी एकेक वाचत होतो. मध्ये चुकायचा, पुसायचा, परत शोधायचा. मी मदत केली नाही. शेवटी सगळं आलं: ‘हरिदास, त्या दिवशी मी व्याह्यांसमोर म्हटलं, हरिदासनं भंगार जोडलं अन् माह्या गळ्यात मारलं.’

मला वाईट वाटलं, वहिनी. दीड वर्ष झालं असलं तरी मी ते परवाच पहिल्यांदा ऐकलं. त्याला ते माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण त्याने लगेच पुढे लिहायला घेतलं. ‘माफ क’ एवढं झालं आणि मी त्याचं मनगट धरलं.

मला एक सांगायचं होतं. तुम्हालाही सांगितलं नव्हतं, पंचफुलाही जाणत नाही. नव्व्याण्णव साली मी ते मशीन जोडलं तेव्हा सगळे भाग नवीन होते, पंखा सोडून. आणलेला नवीन पंखा माझ्या हातून पडला, त्याचं पातं तुटलं. दुसरा मिळायला नागपूरला जावं लागलं असतं, आणि प्रभाकरला मशीन दसऱ्यालाच पाहिजे होतं. पुलगावच्या एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासच्या जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा माझ्याकडे होता. तो धुतला, तेल दिलं, बसवला. नंतर बदलू म्हटलं आणि बदलला नाही. रुई आणि कूलर यांनी त्याला मारलं हे खरं, पण नवीन असता तर एवढ्या लवकर थकला नसता. तुमच्या पहिल्या पत्रालाच मला ही शंका आली होती, आणि मी लिहिलं की पंखा चांगला होता.

हे मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, बापू, तू खोटं नाही बोलला. थोडंसं भंगार होतंच त्यात.

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग डावं बोट पुसायच्या बटणावर नेलं आणि सावकाश एकेक अक्षर पुसलं. क गेला, फ गेला, मा गेला. माफीपुरतंच पुसलं. त्यावरचं वाक्य तसंच ठेवलं.

मी म्हटलं, हे काय? त्याचे खांदे हलायला लागले. तेव्हा मला कळलं की तो हसतो आहे.

तुम्ही चहा घेऊन आलात तेव्हा तो एक गत्त्याचा खोका हातात धरून बसला होता आणि तुम्ही आम्हा दोघांकडे पाहत राहिलात. त्याआधी त्याने आणखी एक ओळ लिहिली होती. ‘नवा तरी नवा हाय का?’ मी पिशवीतून पंख्याचा रिकामा खोका काढून दिला. त्याने तो घेतला आणि चारही बाजूंनी फिरवून वाचला.

आपला,
हरिदास